भांडवलाची वाट : इचलकरंजीच्या निमित्ताने

उद्योगधंद्यांना कर्ज देणाऱ्या संस्थेच्या दप्तरात ज्याची उमर प्रकल्प-अहवाल तपासण्यात गेली, त्याला गुंतवणूक परिषदांच्या वार्ता वाचताना किंचित संशय येत असेल, तर वाचकांनी तो व्यवसायजन्य दोष समजून पोटात घालावा. सामंजस्य करारांवर सह्या होतात, कोट्यवधींचे आकडे ठळक टायपात छापले जातात. परंतु त्यांपैकी किती रकमेचे पाये प्रत्यक्ष जमिनीत खोदले गेले, याची रुजुवात घेण्याची तसदी पुढे फारसे कोणी घेत नाही. एखाद्या प्रदेशाकडे भांडवल का वळते आणि वळल्यावर तेथे का टिकते, हा प्रश्न मात्र त्या सह्यांहून पुष्कळ जुना आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला मी इचलकरंजीइतके दुसरे चांगले ठिकाण पाहिलेले नाही.

कोल्हापूर संस्थानातील ही एक जहागीर. आसपास कापसाची नाव घेण्यासारखी लागवड नाही. कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 साली सुरू झाली, तीही गावाला चुकवून हातकणंगल्यावरून गेली. आणि कापडाची मोठी पेठ मुंबईस. आजचा कोणताही सल्लागार अशा गावाचा अहवाल पहिल्या पानावरच नापसंत करील. तरीही 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागिरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या आश्रयाने तो धंदा रुजला. त्याच सुमारास शेजारच्या मुलखात असाच एक प्रकार घडत होता. बेळगावात कारखान्याची जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, कर्जही दिले, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले नांगर खपायला बराच काळ गेला. पण कर्ज देणाऱ्याला धीर होता, आणि औद्योगिक अर्थपुरवठ्यात व्याजाच्या दरापेक्षाही हा धीर दुर्मीळ असतो, असे माझे मत आहे.

राजाश्रयाने प्रारंभ झाला, तरी इचलकरंजी वाढली ती मात्र एका वेगळ्याच व्यवस्थेमुळे. तेथे ‘खर्चीवाला’ म्हणून यंत्रमागधारकांचा एक वर्ग आहे. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार-आठ माग असतात. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचेच. सायझिंगमध्ये खळ देऊन आलेले ताण्याचे बीम त्याने मागावर चढवायचे, आडव्या धाग्याच्या कांड्या भरून घ्यायच्या, आणि विणलेल्या मालाची मजुरी पिकावर, म्हणजे इंचभर कापडात आडवे धागे किती पडले त्या हिशेबाने, घ्यायची. विजेचे बिल, कामगाराचा पगार, कांडीवालीचे पैसे आणि मोडलेल्या पिकरची भरपाई या सगळ्यांची तोंडमिळवणी त्याच मजुरीतून करायची. अर्थपुरवठ्याच्या दृष्टीने पाहिले, तर या रचनेतील खुबी ध्यानात येईल. सूत व्यापाऱ्याचे असल्यामुळे खेळते भांडवल लागत नाही. माग मुंबईच्या गिरण्यांतून मोडीत निघालेले, जुने मिळत. त्यामुळे काल दुसऱ्याच्या शेडमध्ये जॉबर असलेला मनुष्य थोडी बचत, थोडी भिशी आणि सहकारी बँकेचे थोडे कर्ज यांच्या आधाराने स्वतः मागवाला होऊ शके. धंद्याचा उंबरठा इतका सखल असल्यावर माणसे आत आली, यात नवल नाही. आणि माणसांमागोमाग सायझिंगवाले, मागाचे सुटे भाग ओतणारे, दलाल, मालमोटारवाले, पुढे सहकारी सूतगिरण्या, आणि 1982 पासून वस्त्रविद्येचे शिक्षण देणारी डीकेटीईसारखी संस्था, हा सारा परिवार आला. त्याच 1982 साली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा तुटलेली मागणी उचलायला यंत्रमागांची गावे आधीपासूनच सज्ज होती. नऊवारी लुगड्यांवरून धोतर-मलमलीकडे आणि तेथून पॉपलीन-केम्ब्रिककडे हे गाव वळले, ते काही सरकारी परिपत्रक वाचून वळले नाही.

सहकारी साखर कारखान्यांची कथाही याच जातीची आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेस जो कारखाना 1950 साली उभा केला, त्यात शेतकऱ्यांचे भागभांडवल अगोदर गोळा झाले आणि संस्थात्मक कर्ज त्याच्या आधारावर आले. बाहेरचा पैसा घरच्या पैशाची सोबत शोधतो.

याउलट सवलतींचा इतिहास पाहावा. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, 1964 साली राज्य शासनाने प्रोत्साहन योजना सुरू केली, आणि कालांतराने तालुक्यांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी होऊन जितका तालुका मागास तितकी विक्रीकराची सूट अधिक, असे कोष्टक तयार झाले. हेतू निःसंशय चांगला होता, आणि महामंडळाने आखलेले भूखंड, रस्ते व पाणी यांचे ऋण मी तरी नाकारणार नाही. औरंगाबादच्या परिसरात चिकलठाणा व वाळूज उभे राहिले, ते या पूर्वतयारीवाचून उभे राहते ना. परंतु केवळ करसवलतीवर भिस्त ठेवून काढलेल्या कारखान्यांचे अर्ज वाचताना मला एक गोष्ट वारंवार आढळे : सवलतीची मुदत कोणत्या महिन्यात संपते याचा तपशील त्यांत बिनचूक असे, आणि कुशल फिटर त्या तालुक्यात कोठून मिळणार याचा एक शब्दही नसे. मुदत संपल्यावर अशांपैकी पुष्कळांनी टाळे लावले, आणि आमच्या दप्तरी वसुलीची प्रकरणे तेवढी शिल्लक राहिली.

आता इचलकरंजीची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ती न सांगता त्या गावाची स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या सखल उंबरठ्याने हजारो माणसे धंद्यात आणली, त्यानेच नफा पातळ केला. आणि नफा पातळ असला की कापड रंगवल्या-धुतल्यानंतरच्या पाण्याचा खर्च कोणाच्याच खात्यावर पडत नाही. व्यापारी तो प्रोसेसवाल्याकडे ढकलतो, प्रोसेसवाला नगराकडे ढकलतो, आणि नगर नदीकडे. गावातून वाहणाऱ्या ओढ्याला लोक काळा ओढाच म्हणतात. तो पंचगंगेला मिळतो, आणि उन्हाळ्यात तेच पाणी खाली शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या मोटरीत येते. पंचगंगेच्या काठी वसलेल्या या नगराला कृष्णेवरून पाणी आणावे लागले, यातच सर्व आले. 2012 साली तेथे काविळीची जी साथ पसरली आणि हजारो लोक आजारी पडले, तिचे कारण रंग नव्हे, मैलामिश्रित पाणी होते, हे खरे. पण पाण्याच्या नळांवर व गटारांवर खर्च करायला ज्या नगरापाशी पैसा उरत नाही, त्या नगराचा नफा मोजताना आपण कोठेतरी एक रकाना गाळला होता, हेही तितकेच खरे.

सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारून हा प्रश्न सुटला असे मानणारे मला पुष्कळ भेटतात. केंद्र उभारणे हा भांडवली खर्च, तो अनुदानातून होतो. ते रोज चालवणे हा महसुली खर्च, त्याला अनुदान नसते, आणि वीज महाग झाली की पहिली काटकसर तेथेच होते. म्हणून माझी सूचना अशी, की कापडाची मजुरी जशी पिकावर ठरते, तसा पाणी शुद्ध करण्याचा खर्च प्रोसेसिंगच्या दरातच मीटरमागे धरला जावा. तो व्यापाऱ्याने बिलातच चुकता करावा, आणि त्याचे खाते खालच्या गावांच्या ग्रामपंचायतींना तपासायला खुले असावे. कापड त्यामुळे काही पैशांनी महागेल, भिवंडी-मालेगावशी स्पर्धा अवघड होईल, ही तक्रार रास्त आहे, आणि म्हणूनच हा दर एका गावापुरता न ठेवता राज्यातील सर्व यंत्रमाग-केंद्रांना एकाच वेळी लावावा लागेल. यंत्रमागाच्या वीजदरात शासन सवलत देतच आले आहे. ती पुढे चालू ठेवताना त्याच हुकमात ही एक अट घालायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.