माझे, आमचे, आपले

मुलांनो, 'मेरे दो भाई हैं' हे वाक्य तुम्हांला मराठीत लिहायचे असेल, तर तुम्ही काय लिहाल? तुमच्यापैकी बरेच जण 'माझे दोन भाऊ आहेत' असे लिहितील. ते कळते, त्यात काही बिघडत नाही. पण कोल्हापुरातल्या एखाद्या आजीला विचारा. ती म्हणेल, "मला दोन भाऊ आहेत." भाऊ तिचेच असतात, पण मराठी माणूस नातेवाईक मोजू लागला, की 'माझे' सोडून 'मला' म्हणतो.

आपले कोल्हापूर कर्नाटकाच्या उंबरठ्यावर आहे. निपाणीकडून येणाऱ्या एस.टी.त बसा, मराठीइतकेच कन्नडही कानांवर पडेल. कन्नड माणूस म्हणतो, 'ननगे इब्बरु तम्मंदिरु इद्दारे', म्हणजे 'मला दोन धाकटे भाऊ आहेत'. इथे मराठीची चाल उर्दूपेक्षा कन्नडशी जुळते. शेकडो वर्षांचा शेजार आहे. चटणी-भाकरीबरोबर बोलण्याची ढबही इकडून तिकडे जाते. आपल्या दक्षिणेकडच्या घरांतली उर्दूही यातून सुटलेली नाही. 'मेरेकू दो भाई हैं' हे तुम्ही घरी ऐकले असेलच. वहीत ते लिहू नका. पण त्याला हसूही नका.

नात्यांचे झाले. वस्तूंचे काय? उर्दूत 'मेरे पास' म्हटले की काम भागते. मराठीत 'माझ्याजवळ' आणि 'माझ्याकडे' असे दोन शब्द आहेत. खिशात दहा रुपये असतील, तर 'माझ्याजवळ दहा रुपये आहेत'. गोठ्यात म्हैस असेल, तर 'माझ्याकडे म्हैस आहे'. म्हैस काही कोणी जवळ घेऊन फिरत नाही. ग्रंथालयातून आणलेले पुस्तकही 'माझ्याकडे' असते, पण ते 'माझे' नसते. ते वेळेवर परत करायचे असते, हे काही मुलांना व्याकरणाहून अवघड जाते.

इंग्रजीत यासाठी 'हॅव' हे एकच क्रियापद आहे. फारसीतही 'दाश्तन' हे तसे क्रियापद आहे. मराठीत आणि उर्दूत ते नाही. आपण वस्तू आपल्या 'पाशी' असल्याचे सांगतो. मात्र त्या फारसी क्रियापदाचा एक तुकडा दोन्ही भाषांनी उचलला. दुकानदार, जमीनदार, इमानदार यांतला 'दार' तो हाच. शेतकऱ्याच्या सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'भोगवटादार' हा शब्द पाहा. 'भोगवटा' मराठी आणि 'दार' फारसी! मालक, हक्क, कब्जा, वारस हे शब्द तर अरबीतून आले. म्हणजे जमिनीसाठी भांडणारे दोन भाऊ अस्सल मराठीत भांडत असले, तरी त्यांचे निम्मे शब्द तुम्हांला आधीच ठाऊक असतात.

आता सर्वांत गमतीचा शब्द. उर्दूत 'हमारा' एकच. मराठीत 'आमचा' आणि 'आपला' असे दोन आहेत. 'आमचे घर' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आमचे. 'आपले घर' म्हणजे ऐकणाऱ्यालाही धरून. हा भेद उर्दूत नाही, कन्नडमध्येही 'नम्म' या एकाच शब्दावर भागते. पण उर्दू कानाला 'आपले' ऐकताच 'आप' आठवतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

माझी अम्मी लग्न होऊन कोल्हापुरात आली, ती लखनौकडून. नळाला पाणी आले नाही, की ती शेजारच्या काकूंच्या विहिरीवर जाई. एकदा उन्हाळ्यात काकू तिला म्हणाल्या, "संकोच करू नका भाभी, विहीर आपलीच आहे." अम्मीने 'आपलीच' म्हणजे 'आपही की' असे घेतले. तिला वाटले, काकू टोमणा मारत आहेत. 'विहीर जणू तुमचीच' असे सुचवत आहेत. ती काही बोलली नाही. रिकामी घागर घेऊन परतली आणि दोन दिवस विहिरीकडे फिरकली नाही. घरात लहान मूल, आणि पिण्यापुरतेसुद्धा पाणी नाही. तिसऱ्या दिवशी काकूच भरलेली कळशी घेऊन दारात आल्या. "माझे काही चुकले का हो?" असे त्यांनी अब्बांना विचारले. अब्बा सगळे ऐकून आधी पोट धरून हसले, मग अम्मीला म्हणाले, "अरे, वो कह रही हैं, तुम्हारा भी, मेरा भी." अम्मीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, असे काकू पुढे अनेक वर्षे सांगत.

अम्मीची बाजूही अगदीच लंगडी नव्हती. 'आपले नाव काय?' असे कचेरीतला कारकून विचारतो, तेव्हा 'आपले' म्हणजे 'तुमचे'च. पत्राच्या शेवटी 'आपला नम्र' लिहितो, तेव्हाही तेच. शिवाय 'त्याने आपले दप्तर उचलले' यात 'आपले' म्हणजे स्वतःचे, उर्दूतल्या 'अपना'सारखे. एका शब्दाची तीन कामे!

मग ओळखायचे कसे? बोलणाऱ्याकडे पाहायचे. कारकून 'आपले' म्हणाला, तर स्वतःचे नाव सांगा. कपिलतीर्थ मंडईतली मावशी "घ्या हो, आपलीच भाजी आहे" म्हणाली, तर पिशवी पुढे करा. पैसे मात्र ती पूर्ण घेते.