पकडीच्या मुली : हंगाम संपल्यावरची टिपणे

शालेय कबड्डीचा आमचा हंगाम विभागीय स्पर्धेत संपला. तालुका जिंकला, जिल्हा जिंकला, विभागाच्या उपांत्य सामन्यात तीन गुणांनी गेलो. सतरा वर्षांखालील मुली, समुद्रपूर तालुका. निकाल क्रीडा कार्यालयाच्या कागदावर आहे, तो इथे उतरवत बसत नाही. या वहीत मुलींबद्दल लिहायचं आहे, आणि त्यांतही पकडीच्या मुलींबद्दल. चढाई करणारीचं नाव दुसऱ्या दिवशी गावभर होतं. घोट्याला हात घालणारीने काय केलं ते तिच्या घरीही कुणाला धड सांगता येत नाही.

नावं लिहीत नाही. कोण कुठल्या जागेवर खेळते तेवढं लिहितो.

*

डावा कोपरा. दहावीत आहे. गिरडच्या बाजूच्या गावातून एसटीने येते. अंगाने बारीक, वजनकाट्यावर तिची काळजी कधी करावी लागली नाही. उलट दोन घास जास्त खा म्हणून सांगावं लागतं.

कोपऱ्यातल्या खेळाडूला घाई झाली की संपलं. हिला घाई नाही. चढाईची मुलगी बोनस रेषेकडे पाय टाकायला लागली की बाकीच्यांचं लक्ष त्या पुढच्या पायाकडे जातं. ही मागच्या पायाकडे बघते. बोनस घ्यायचा तर एक पाय रेषेपलीकडे टेकवताना दुसरा हवेत हवा. म्हणजे तेवढा अर्धा क्षण समोरची एका पायावर उभी असते. नियमाच्या पुस्तकात हे सगळ्यांनीच वाचलेलं आहे. मैदानात तो अर्धा क्षण हिला दिसतो. खाली बसते, टेकलेल्या पायाचा घोटा दोन्ही हातांत धरते आणि डोकं बाहेरच्या बाजूला ठेवते. डोकं आत ठेवलं तर समोरचीचा गुडघा कानशिलावर बसतो. हे मी शिकवलं. घाई न करणं मी शिकवलेलं नाही, ते तिचं तिचं आहे.

घरच्या शेतात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, झालं की तिची कापूस वेचणी सुरू होते. सुट्टीच्या दिवशी, आणि खरं सांगायचं तर शाळेच्याही काही दिवशी. "सर, उद्या येत नाही जी, वेचणी हाय," असं सरळ सांगते. बहाणा करत नाही. दिवसभर कमरेत वाकून तासातासाने पुढे सरकायचं, ओटीत कापूस भरत जायचा. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला लागतात आणि तिथली कातडी फाटते. जिल्हा स्पर्धेत सामन्याआधी पंच सगळ्यांची नखं तपासत होते. हिचे हात बघून ते थांबले. "हे काय झालं बेटा?" "कापूस हाय जी." पंचांनी मान हलवली आणि पुढे गेले. ते याच भागातले असावेत, त्यांना पुढचं विचारावं लागलं नाही.

त्या बोटांनी घोटा धरताना किती दुखत असेल याचा अंदाज मला आहे. सामन्याआधी मी चिकटपट्टी देतो. ती दोन बोटांना लावते आणि उरलेली परत करते.

*

आमच्या मैदानाची माती म्हणजे कपाशीचीच काळी माती. पावसाळ्यात ती पायाला धरून बसते आणि दिवाळीनंतर तिला भेगा पडतात. अशा जमिनीवर पकड शिकवता येत नाही, गुडघे फुटतात. म्हणून दर वर्षी मुरूम आणि मऊ माती आणून थर द्यावा लागतो. मुली ती चाळणीने चाळतात, खडे वेचतात, पाणी मारून दाबतात. खेळ जमिनीतून सुरू होतो हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. शेतकऱ्याच्या घरी नांगरणी-वखरणी बघतच वाढलेल्या आहेत.

पण वरच्या स्पर्धा आता मॅटवर असतात. मातीवर अनवाणी पाय थोडा घसरतो आणि त्या घसरण्यातच जोर सावरला जातो. मॅटवर बूट जागच्या जागी धरतो. वरचं शरीर वळतं, पाय वळत नाही, आणि सगळा पीळ गुडघ्यात येतो. मातीवरून थेट मॅटवर गेलेल्या मुलीला पहिली दहा मिनिटं आपलेच पाय परके वाटतात. ग्रामीण संघ विभागात का थांबतात याची पुष्कळ कारणं सांगितली जातात: आहार, सराव, भीती. माझ्या मते पहिलं कारण मॅट. तालुक्याला एक मॅट मिळाला तर सराव आणि भीती ही दोन कारणं अर्धी होतील, हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलतो आणि बोलत राहणार.

*

उजवा मध्यरक्षक, आम्ही 'कव्हर' म्हणतो ती. नववी. उंच आहे आणि वर्गात तोंड उघडत नाही. तिची आई जिनिंगमध्ये कामाला जाते. हिचं काम असं की कोपऱ्याने घोटा धरला की पुढच्या श्वासात समोरचीच्या कमरेवर जायचं. बघायचं नाही, विचार करायचा नाही. कोपऱ्याची पकड कव्हर येईपर्यंतच टिकते. जोरकस खेळाडू एका घोट्यासकट मध्यरेषेपर्यंत जाऊ शकते, मी पाहिलेलं आहे.

जुलैत ही मुलगी थांबायची. अंगावर जायला बिचकायची. मग मी तिला आणि डाव्या कोपऱ्याला सरावाव्यतिरिक्तही एकत्र ठेवलं. माती चाळायला एकत्र, पाणी आणायला एकत्र. ऑक्टोबरात एकदा शिट्टी व्हायच्या आधीच ती कमरेवर पोचली होती. मी वहीत तारखेसमोर फक्त 'गेली' असं लिहिलं आहे.

*

विभागातला शेवटचा प्रसंग. हा सविस्तर लिहून ठेवतो, कारण त्यावर गावात अजून चर्चा चालते.

आम्ही एका गुणाने मागे. चढाई त्यांची, आणि आधीच्या दोन रिकाम्या गेलेल्या. म्हणजे ही तिसरी, गुण आणायलाच हवा, नाही तर चढाई करणारी बाद. आमच्या मैदानात तिघी उरलेल्या: डावा कोपरा, उजवी कव्हर आणि एक आठवीतली. तिघी किंवा त्याहून कमी असताना पकड झाली तर दोन गुण, म्हणजे सामना आमचा. अंगाला हात लागू न देता तीस सेकंद काढली तर एक गुण, म्हणजे बरोबरी.

समोरचीने बोनसचा विचार केलाच नाही. सातपैकी सहा तरी मैदानात असल्याशिवाय बोनस नसतो हे तिला ठाऊक होतं. ती सरळ आठवीतल्या मुलीवर गेली. डाव्या कोपऱ्याने आडवं जाऊन घोटा धरला. कव्हर गेली, वेळेवर गेली, कमरेला हात पडला. समोरची दोघींना घेऊन लॉबीकडे कोसळली, हात लांब केला आणि बोटं मध्यरेषेला लागली.

आता लोक म्हणतात, लांब राहिल्या असत्या तर बरोबरी होती. कागदावर ते खरं आहे. पण तीन मुली पळायला लागल्या की त्यांच्यात फटी पडतात, आणि चांगली चढाईपटू त्या फटीचीच वाट बघत असते. दुसरं कारण माझ्यासाठी मोठं आहे. कोपऱ्याने घोटा धरलेला दिसत असताना कव्हर जागेवर उभी राहिली असती, तर जून ते नोव्हेंबर मी त्यांना जे एक शिकवलं ते वाया गेलं असतं. ती गेली. हरल्याचं दुःख मला आहे, त्या पकडीचं नाही. सामना संपल्यावर हे तिला तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं.

*

परतीच्या गाडीत कुणी बोलत नव्हतं. मी शैलजा जैन यांची गोष्ट सांगितली. नाशिकच्या कबड्डी प्रशिक्षक. निवृत्तीनंतर इराणच्या महिला संघाला शिकवायला गेल्या. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्याच इराणने अंतिम सामन्यात भारताला 27-24 असं हरवलं. महिला कबड्डी या स्पर्धेत 2010 पासून आहे आणि त्याआधीची दोन्ही सुवर्णपदकं भारताची होती. मग 2023 मध्ये हांगझोऊला भारताच्या मुलींनी सुवर्ण परत आणलं, चिनी तैपेईविरुद्ध 26-25, एका गुणाने. त्या वेळचं ते भारताचं शंभरावं पदक.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, त्या मॅडमले त्यायची भाषा येत होती काय?" थोडी शिकल्या, म्हणालो. "मंग पकड कशी सांगे?" यावर जामच्या चौकापर्यंत चर्चा झाली. एकीने उभं राहून हातवारे करून दाखवले. त्या चौकात आम्ही चहा घेतला तेव्हा मुली पुन्हा बोलायला लागल्या होत्या.

आपल्या वऱ्हाडाकडचंही सांगायचं राहिलं, ते पुढच्या वेळी: 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी तिथे कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. अमरावती आमच्यापासून फार लांब नाही. हा खेळ टीव्हीवरून इकडे आला असं या मुलींना वाटू नये.

*

चढाईची मुख्य मुलगी. तिच्याबद्दल सगळे लिहितात, बोलतात, म्हणून इथे थोडक्यात. वेग आहे, पाठीमागे फिरून मारलेली लाथ अचूक आहे, दम उत्तम. या वर्षी तिच्यात एक नवीन गोष्ट आली. बाद होऊन बाहेर बसली की पूर्वी खाली मान घालायची. आता पकडणाऱ्या मुलींची नावं घेऊन ओरडते. हे मला तिच्या गुणांइतकंच मोलाचं वाटतं.

*

बारावी खेळाडू. संघ बाराचा, मैदानात सात. ही हंगामभरात फारशी उतरली नाही. पण प्रत्येक सामन्यात रिकाम्या चढाया बोटांवर मोजत बसायची. तिसरी आली की मला आधी सांगायची, आणि विश्रांतीच्या तीस सेकंदांत समोरची कुठल्या पायाने निघते ते कोपऱ्यांना सांगायची. तिचं निरीक्षण जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात दोनदा कामी आलं. पुढच्या वर्षी तिला पंचांच्या शिबिराला पाठवायचं आहे. शाळेत अजून बोललो नाही, बोलणार आहे.

*

सरावाची वेळ मी ठरवत नाही, शेवटची एसटी ठरवते. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, त्यामुळे भाड्याचा प्रश्न नाही. पण गाडी चुकली तर घरून फोन येतो आणि दुसऱ्या दिवशी मुलगी येत नाही. म्हणून गाडीच्या वीस मिनिटं आधी सराव बंद, मग काहीही चालू असो. एका बापाने मला एकदा विचारलं होतं, "पोरगी अंधार पडाच्या आत घरी येईन नं जी?" मी हो म्हटलं होतं. त्या शब्दावर अर्धा संघ उभा आहे.

प्रवासाला आमच्या मराठीच्या मॅडम सोबत येतात. स्वतःचं घर, सासूबाईंचं आजारपण सांभाळून येतात. त्यांच्याशिवाय हा संघ समुद्रपूरच्या बाहेर पडला नसता.

*

हंगाम संपल्यावर सगळ्यांना घेऊन गिरडला गेलो. टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. वर चढताना मुली शर्यत लावतात, मी अडवत नाही. तिथे जायफळाएवढे गोल दगड सापडतात. एका व्यापाऱ्याने बाबांना नीट उत्तर दिलं नाही, म्हणून त्याच्या मालाचे दगड झाले, अशी कथा सांगतात. आठवीतल्या मुलीने दोन दगड खिशात घातले. शेवटच्या चढाईत जिच्यावर हल्ला झाला ती हीच. घाबरली होतीस का, विचारलं. म्हणाली, "दोघी जवळ होत्या नं सर."

*

आता दहावीच्या चौघी जातील. सतरा वर्षांखालचा संघ दर वर्षी असाच मोडतो आणि पुन्हा बांधायचा असतो, त्याची सवय आहे. सवय होत नाही ती दुसऱ्या गोष्टीची. अकरावीत गेल्यावर एकोणीस वर्षांखालच्या गटात आणखी दोन हंगाम खेळता येतं, आणि तरी बहुतेकींचं मैदान दहावीच्या उन्हाळ्यात सुटतं. त्यातही पकडीच्या मुली आधी जातात. चढाई करणारीला कुणीतरी शोधत येतं, कोपऱ्याला कुणी शोधत येत नाही. तिच्यासाठी आपणच जावं लागतं.

म्हणून डाव्या कोपऱ्याच्या घरी गेलो. वडील शेतात होते, तिथेच बांधावर बसलो. सांगितलं की मुलीला पुढे खेळू द्या. त्यांनी शांतपणे ऐकलं. "खेळून पुढं काय होते जी सर?" हा प्रश्न मी टाळत नाही. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला वरच्या पातळीवरची पदकं लागतात, आमची विभागापर्यंतची कामगिरी त्याला पुरत नाही, हे स्पष्ट सांगितलं. दहावीत खेळाचे सवलतीचे गुण मिळण्याची सोय आहे, त्याचा प्रस्ताव शाळेतून पाठवतोय, तेही सांगितलं. पोलीस भरतीत मैदानी चाचणी पन्नास गुणांची असते, मुलींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. आमच्या आधीच्या संघातली एक जण तशी लागली, तिला ते ओळखतात.

"हिचे पाय चांगले हाय?" त्यांनी विचारलं.

पाय चांगले आहेत, म्हटलं, पण त्याहून तिचा धीर चांगला आहे. शेवटच्या सामन्यातली पकड मी त्यांना बांधावरच मातीत रेघा ओढून दाखवली. मध्यरेषा, लॉबी, कुठे ती होती, कुठे समोरची. त्यांनी वाकून पाहिलं आणि एका रेघेवर बोट ठेवलं. "इथून इथवर हिनं वढलं तिले?" हो. "एकटीनं?" आधी एकटीनं, मग दुसरी आली.

मुलगी पलीकडच्या तासात होती, ऐकत नसल्यासारखी वेचत होती. परीक्षा होईपर्यंत काही बोलू नका, असं ते म्हणाले. मग मी निघताना त्यांनी विचारलं, अकरावीचं कॉलेज हिंगणघाटचं बरं की समुद्रपूरचं, आणि सराव कुठे असतो. दोन्हीकडचं बसचं वेळापत्रक लिहून द्यायचं कबूल केलं आहे. सोमवारी आगारात जाऊन आणायचं.