लिंक्समध्ये उघडलेलं पान

पान पूर्ण झालं की गिऱ्हाइकाकडे पाठवण्याआधी मी ते लिंक्समध्ये उघडून बघते. लिंक्स हा निव्वळ मजकूर दाखवणारा ब्राउझर. १९९२ साली अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात तयार झाला आणि आजही चालतो. चित्रं नाहीत, सीएसएस नाही, जावास्क्रिप्ट नाही. खालचा बाण दाबला की पुढची लिंक, उजवा दाबला की आत, डावा दाबला की मागे. अनेक दृष्टिहीन वाचकांनी वर्षानुवर्षं ह्याच्यावर काम केलं आहे.

इथे पानाचा क्रम लपत नाही. सीएसएसने मजकूर पडद्यावर कुठेही बसवता येतो, पण एचटीएमएलमध्ये तो जिथे लिहिला असेल तिथेच लिंक्स दाखवतो. देखण्या पानावर मधोमध असलेली बातमी मग लांबलचक मेनूच्या खाली कुठेतरी सापडते. म्हणून मी आधी शीर्षकं, परिच्छेद, याद्या असा सगळा मजकूर साध्या एचटीएमएलमध्ये लिहून काढते. तो सलग वाचता आला की मगच रंगरूपाला हात लावते. मेनू वरच हवा असेल, तर त्याच्याही आधी ‘मुख्य मजकुराकडे जा’ ही लिंक.

चित्रांना जास्त वेळ द्यावा लागतो. ऑल्ट, म्हणजे चित्राऐवजी वाचायचा मजकूर, दिलेला नसेल तर लिंक्स चौकटी कंसात फाइलचं नाव छापतो. एका वाचनालयाचं वेळापत्रक चित्रात होतं. त्या जागी कॅमेऱ्याने दिलेला आकडा तेवढा दिसत होता. तिथे ऑल्टमध्ये ‘वेळापत्रक’ लिहून काय उपयोग? वाचनालय किती वाजता उघडतं हे वाचकाला हवं असतं. मी ते चित्र काढून साधा तक्ता घातला. मोबाइलवरही तोच बरा वाचता येतो. वेलबुट्टीच्या चित्राला मात्र रिकामा ऑल्ट द्यावा: दोन अवतरणचिन्हं, मध्ये काही नाही. मग लिंक्स ते चित्र गाळून पुढे जातो. पण तेच चित्र लिंक असेल तर रिकामा ऑल्ट चालत नाही. बोधचिन्हावरून मुखपृष्ठाला जाता येत असेल, तर त्याच्या ऑल्टमध्ये ‘मुखपृष्ठ’ हवं. हाताखालच्या मुलांना मी हा फरक सगळ्यात आधी शिकवते.

मराठीची अडचण वेगळी. युनिकोड रुळण्याआधीची कितीतरी मराठी पानं खास फॉन्टवर उभी होती. फॉन्ट काढून घेतला की आत नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि लिंक्समध्ये तीच समोर येतात. अशी पानं युनिकोडमध्ये आणण्याचं काम कंटाळवाणं आहे, पण मी ते आनंदाने घेते. त्याशिवाय तो मजकूर शोधताही येत नाही. युनिकोडमधला मजकूरसुद्धा टर्मिनलवर, म्हणजे लिंक्स ज्या निव्वळ अक्षरांच्या खिडकीत चालतो तिथे, नीट दिसेलच असं नाही. टर्मिनल प्रत्येक अक्षर ठरावीक रुंदीच्या घरात बसवतो. मग जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे सरकते. हा दोष पानाचा नसतो. अशा वेळी मी लिंक्सच्या ‘डम्प’ सोयीने सगळा मजकूर फाइलमध्ये उतरवते आणि साध्या एडिटरमध्ये वाचते.

त्या फाइलमध्ये प्रत्येक लिंकला क्रमांक असतो आणि तळाशी सगळ्या पत्त्यांची यादी. ‘येथे क्लिक करा’ पुन्हा पुन्हा दिसायला लागलं, की मी एचटीएमएल उघडते आणि तिथे ‘सभासदत्वाचा अर्ज’, ‘वर्गणीचे दर’ अशी नावं घालायला बसते.