आबांचा गोळा आणि आमचं लॉक

लास्ट इयरचं प्रोजेक्ट म्हटलं की जर्नल, सबमिशन आणि जागरण ओघानं आलंच. आमच्या ग्रुपने लिनक्स कर्नलसाठी एका छोट्या कार्डाचा डिव्हाइस ड्रायव्हर लिहायला घेतला. कार्डाकडून आलेली माहिती एका रांगेत ठेवायची आणि प्रोग्राम मागेल तशी द्यायची, एवढंच काम. ड्रायव्हर छान चालायचा, पण कधी तासाभराने, कधी दिवसभराने अख्खं मशीन गोठायचं! माऊस हलेना, कीबोर्ड चालेना. दोन आठवडे असेच गेले.

दिवाळीला वरणगावला घरी आलो तरी डोक्यात तेच. माझे आजोबा, म्हणजे आबा, रेल्वेत पॉइंट्समन होते. मला लॅपटॉपसमोर डोकं धरून बसलेलं पाहून म्हणाले, "काहून रे, काय बंद पडू राह्यलं?"

मी सांगितलं, "आबा, एकच रांग दोघांनी एकाच वेळी हाताळू नये म्हणून कुलूप ठेवलंय. तरी अडकतंय."

"मंग हे आमच्या गोळ्यावानीच हाये की!"

आबांची सुरुवातीची नोकरी एकेरी मार्गावरच्या एका छोट्या स्टेशनात झाली. तिथे टोकनचा धातूचा गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे काढायचा नाही. दोन्ही स्टेशनांची यंत्रं तारेने जोडलेली. एक गोळा बाहेर पडला की तो कुठल्या तरी एका यंत्रात परत जाईपर्यंत दुसरा निघतच नाही. ऐकता ऐकता लक्षात आलं, पेपरात ज्या 'सेमाफोर'वर मार्क मिळवले तो शब्द रेल्वेच्या हाताच्या सिग्नलचाही! एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात तो संगणकात आणला. भुसावळच्या इतक्या जवळ वाढूनही हे कधी सुचलं नव्हतं.

आबांनी पुढे विचारलं, "कोनी, कवा, कुठून घ्यायचं, हे लिहेल हाये का कुठी?" प्रत्येक स्टेशनाचे कामकाजाचे नियम लिहिलेले असतात आणि 'वाचले, समजले' म्हणून कर्मचाऱ्यांना सही करावी लागते, हेही सांगितलं. मी गप्प! आमच्या कोडमध्ये लॉकवर एक ओळसुद्धा नव्हती.

त्याच रात्री वही काढली. लॉक कशाचं रक्षण करतं? रांगेचं. कोण घेतं? प्रोग्रामने माहिती मागितली की आपलं फंक्शन. आणखी कोण? कार्डाचा इंटरप्ट हँडलर. इथेच पेन थांबलं. फंक्शनने स्पिनलॉक घेतलेलं असताना त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट आला तर? हँडलर लॉकसाठी फिरत बसणार, आणि तो संपल्याशिवाय फंक्शन पुढे सरकणार नाही. कायमची कोंडी! लॉक घेताना त्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट बंद केले आणि मशीन गोठायचं थांबलं. चूक कोड वाचून नाही, नियम लिहून सापडली.

एक फरक मात्र मोठा आहे. गोळ्याचं यंत्र स्वतःच अडवतं. कर्नलमधलं लॉक तसं नाही. ते न घेताच रांगेला हात लावला तरी कंपायलर सहसा काही बोलत नाही. २००६ मध्ये कर्नलमध्ये आलेलं लॉकडेप अशा बऱ्याच कोंड्या पकडतं, पण ते सुरू करावं लागतं. आम्ही केलंच नव्हतं! शिवाय कुठलं लॉक कशासाठी, हे माणसानेच लिहावं लागतं. म्हणूनच कर्नलची चेकपॅच ही स्क्रिप्ट, कडक तपासणी लावली तर, टिपणाशिवाय ठेवलेल्या लॉककडे बोट दाखवते. रस्टी रसेल यांच्या लॉकिंगच्या मार्गदर्शिकेत तर कोणी कोणासोबत माहिती वाटून घेताना निदान कुठलं लॉक घ्यावं, याचा तक्ताच आहे. आम्ही तो आधी उघडला असता तर दोन आठवडे वाचले असते. असो.

कर्नलच्या कागदपत्रांचे कोरियन, चिनी, जपानी अनुवाद सोबतच मिळतात. आम्ही एवढंच केलं, आमच्या ड्रायव्हरच्या लॉकचं एक पान सोप्या मराठीत लिहून जर्नलला जोडलं. पुढच्या वर्षी हे प्रोजेक्ट घेणाऱ्या ज्युनियर्सना एकच विनंती. पान वाचा, चुकलेलं दुरुस्त करा आणि खाली 'वाचले, समजले' म्हणून सही करा. पहिली सही आबांनी केली आहे. म्हणाले, "समजलं नाही सगळं, पन लिहेल हाये, हे बरं!"

– चतुर्थ वर्ष, संगणक अभियांत्रिकी