राखाडी रंगाचा वास

मे संपत आला, आंब्याची अढी उलगडून झाली, की पावसाआधी आमच्या खिडक्यांच्या गजांना रंग लागायचा. राखाडी ऑइलपेंट. डब्याचं झाकण खिळ्याने उचकटलं की टर्पेंटाइनचा तो तिखट, जरासा गोडसर, डोळ्यांत पाणी आणणारा वास पडवीभर पसरे, गडग्यावरून पलीकडे जाई, आणि थोड्याच वेळात सारंगचाचा येत. बोलावणं नसे. वासच त्यांना घेऊन येई.

ते बोटीवर होते. आमच्या रत्नागिरीकडे एवढं म्हटलं की पुरतं. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवर आमच्या खाड्यांतले खलाशी आणि सलूनमध्ये गोव्याचे बटलर, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. चाचा पायरीवर टेकत, डबा पुढ्यात ओढत आणि काठीने सावकाश ढवळू लागत. "रंग तळाशी बसतो, बाळा. ढवळत राहायचा." मग बराच वेळ नुसता काठीचा आवाज. आणि मधेच, कुणाला उद्देशून नाही असा, एकच शब्द: "व्हाइसरॉय."

'व्हाइसरॉय ऑफ इंडिया'. मोठेपणी तिच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. १९२८ साली ग्लासगोत पाण्यात उतरलेली, १९२९च्या मार्चमध्ये टिलबरीहून मुंबईच्या पहिल्या फेरीला निघालेली, साडेएकोणीस हजार टनांची बोट. तिच्या पोटात वाफेवर वीज तयार होई आणि विजेच्या मोटारी पंखे फिरवत, म्हणून ती फार हळू आवाजात चाले म्हणे. आतली दालनं सजवली होती कंपनीचे अध्यक्ष लॉर्ड इंचकेप यांच्या मुलीने, एल्सी मॅकेने: धूम्रपानाची खोली स्कॉटलंडच्या गढीसारखी, पोहण्याचा तलाव पाँपेईच्या थाटाचा. पण बोट पाण्यात उतरायच्या आधीच, मार्च १९२८मध्ये, अटलांटिक ओलांडायला विमानातून निघालेली एल्सी कुठल्या कुठे नाहीशी झाली. आपण मांडलेलं घर तिने तरंगताना पाहिलंच नाही. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागी होते.

चाचांना मात्र त्या दालनांचं काही नव्हतं. तिथे त्यांना पाऊल टाकायची मुभाच कुठली! त्यांची बोट म्हणजे पितळ. कठड्यांचं, कड्यांचं, दारांच्या मुठींचं पितळ. खारं वारं रात्रीत काळवंडून टाकी आणि हे पहाटे उठून ते पुन्हा घासत. सांगताना त्यांचा अंगठा आपोआप तर्जनीवर गोल फिरत राही, जणू चिंधी अजून बोटांतच आहे.

१९४०मध्ये बोट लढाईत गेली. शिपाई वाहायला. राजेशाही प्रवाशांच्या जागी खाकी पोरं, पलंगांच्या जागी झोळ्या, आणि नखशिखान्त राखाडी रंग. उन्हात चमकणारी वस्तू दुरून दिसते, म्हणून पितळही रंगवायचं. "चकचकीत पितळेवर रंग धरत नाही," चाचा म्हणत, "आधी पॉलिशपेपरने ओरखडावं लागतं." इतकी वर्षं ज्या हाताने घासलं, त्याच हाताने ओरखडलं. एवढं बोलून काठी थांबे.

अल्जियर्सला सैनिक उतरवून ती रिकामी परतत होती. ११ नोव्हेंबर १९४२, ओरानजवळचा समुद्र, पहाटेचा अंधार. आधीचं महायुद्ध ज्या तारखेला थांबलं होतं, तीच तारीख. जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला, चार माणसं गेली. बाकीच्यांना 'बोडिसिया' या विनाशिकेने उचललं. चाचा त्या पहाटे 'व्हाइसरॉय'वर होते की त्याआधीच दुसऱ्या बोटीवर गेले होते, हे आम्ही कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. लहान होतो.

आमच्या मोठ्या दाराला पितळेची कडी होती. एकदा गज रंगवताना वडिलांचा ब्रश घसरून तिला लागला. चाचा लगबगीने उठले, लुंगीचं टोक टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि कडी पुसत बसले, आधी रंग जाईपर्यंत, मग रंग गेल्यावरही कितीतरी वेळ. वडील हसून म्हणाले, "चाचा, गेला हो तो." त्यांनी मान वर केली नाही.

परवा घरी गेले तेव्हा कडी उलटून पाहिली. बिजागरीच्या खाचेत, चिंधी पोचत नाही अशा जागी, राखाडी रंगाचा एक ठिपका अजून आहे.