पाणी ओढणारी साखर

निरवांगीच्या शिवारात ॲशचं झाड शोधायला निघालात तर हाती काही लागणार नाही. नीरेच्या काठाने बाभूळ, कडुनिंब, करंज, चिंच भेटतील. नदी ओलांडून माळशिरस तालुक्यात शिरलात तरी तेच. ॲश हे थंड मुलखातलं झाड. आपल्या देशात ते हिमालयाच्या उतारांवर वाढतं, तिकडे त्याला अंगू म्हणतात. त्याचं लाकूड चिवट, म्हणून अवजारांच्या दांड्यांना चालतं. तरीही इंदापूर तालुक्यातल्या माणसाने या झाडावर लिहावं, याला कारण आहे. औषधी वनस्पतींचं रसायनशास्त्र शिकवण्यात माझी उमेद गेली आणि ॲशच्या रसातून प्रथम हाती लागलेला एक पदार्थ मला पुन्हा पुन्हा आमच्याच भागात भेटत राहिला. कधी दवाखान्यात, कधी दारच्या प्राजक्तात, कधी कारखान्याच्या उसात. त्याचं नाव मॅनिटॉल.

मूळ घराणं पाहायचं तर सिसिली बेटावर जावं लागेल. तिथल्या कास्तेलबुओनो आणि पोल्लिना या डोंगरी गावांत ॲशची एक जात, फ्रॅक्सिनस ऑर्नस, रसासाठी लावतात. ऐन उन्हाळ्यात खोडाच्या सालीला आडव्या चिरा देतात. चिरेतून पाझरलेला रस उन्हावाऱ्याने खोडावरच पांढरा होऊन थिजतो. खाली ओघळणारा रस धरायला नागफणीची रुंद पानं मांडायची जुनी रीत आहे. मध्येच पाऊस आला तर सगळा माल धुऊन जातो. या वाळलेल्या रसाला मान्ना म्हणतात. युरोपात कित्येक पिढ्या तो मुलांना सौम्य रेचक म्हणून दिला गेला. 1806 साली जोसेफ लुई प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्यातला गोड पदार्थ वेगळा काढला, तोच मॅनिटॉल.

रसायनशास्त्राच्या भाषेत ही शर्करा-अल्कोहोल. सहा कार्बन अणूंची साखळी आणि प्रत्येकावर एक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे पाण्याला धरून ठेवायला सहा हात. पण पाण्याशी इतकी सलगी असूनही शरीरात या रेणूला फारसा शिरकाव मिळत नाही. आतड्यात तो अर्धवटच शोषला जातो. शिरेतून रक्तात सोडला तर पेशी त्याला आत घेत नाहीत. मूत्रपिंड गाळून टाकतं आणि परत शोषत नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची धड भिंतही त्याला ओलांडता येत नाही. असा जिथे अडेल तिथे तो आजूबाजूचं पाणी ओढतो. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटतं, तोच हा न्याय. मॅनिटॉलचे बहुतेक औषधी उपयोग या एका खोडीतून निघाले आहेत. आतड्यात पाणी ओढलं की जुलाब, मूत्रपिंडाच्या नळ्यांत ओढलं की लघवी जास्त, आणि मेंदूतून रक्तात ओढलं की सूज कमी.

यातला शेवटचा उपयोग आज सर्वांत मोलाचा. आमच्याकडे रात्री दुचाकी घसरून डोक्याला मार लागला की नातेवाइकांच्या हाती जी चिठ्ठी येते, तिच्यावर बऱ्याचदा ‘मॅनिटॉल 20 टक्के, 100 मिली’ असं लिहिलेलं असतं. त्या बाटलीत 20 ग्रॅम मॅनिटॉल असतं. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे पाव ते एक ग्रॅम, साधारण अर्ध्या तासात, असं ते देतात. कवटीच्या आतला दाब उतरतो आणि डॉक्टरांना वेळ मिळतो. रक्तस्राव मात्र त्याने थांबत नाही. काचबिंदूत डोळ्याचा दाब अचानक वाढला तरीही ते वापरतात. लघवी बंद पडली असेल किंवा हृदय थकलं असेल तर हेच औषध घातक ठरतं. ओढलेलं पाणी बाहेर पडायला वाट नसते आणि रक्तातला भार वाढतो.

थंडीच्या दिवसांत ही बाटली उजेडात धरून पाहा. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे चकचकीत कण दिसले तर घाबरू नका. 25 अंश तापमानाला 100 मिली पाण्यात जेमतेम 18 ग्रॅम मॅनिटॉल विरघळतं आणि बाटलीतलं द्रावण त्याहून दाट असतं. गारठा पडला की जास्तीचं मॅनिटॉल स्फटिक होऊन खाली बसतं. परिचारिका बाटली कोमट करून कण विरघळवते, ती निवू देते आणि मग गाळणी असलेल्या नळीतून लावते. त्याला उशीर समजून तिच्यावर ओरडू नये.

ॲशच्या सालीत आणखीही ऐवज आहे. तिच्यात एस्क्युलिन, फ्रॅक्सिन अशी कुमारिन वर्गातली द्रव्यं असतात. सालीची ढलपी पाण्यात भिजवून नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरली की पाणी निळं उजळतं. वर्गात मुलांना हा प्रयोग दाखवला की पुढचा तास शिकवावा लागत नाही. चिनी वैद्यकात ही साल अतिसारावर आणि आवेवर फार जुन्या काळापासून वापरात आहे. पाश्चात्त्य जडीबुटीत ॲशची पानं लघवी साफ होण्यासाठी आणि सांधेदुखीसाठी घेतात.

आता आपल्या दाराशी येऊ. प्राजक्त ॲशच्याच कुळातला, ऑलिएसी कुळातला. ऑलिव्ह, मोगरा, जाई, जुई ही सगळी याच गोतावळ्यातली. प्राजक्ताच्या पानांतही मॅनिटॉल सापडतं. पण पानांच्या काढ्याचा गुण त्याच्या माथी मारू नये. पानांतला अंश बाटलीतल्या 20 ग्रॅमच्या जवळपासही जात नाही. पानांचा कडूपणा आणि त्यांचं औषधीपण तपासायचं तर इरिडॉइड ग्लायकोसाइड्स या वेगळ्या वर्गाकडे बघावं लागतं. मुंबईतल्या संशोधकांनी 2008 साली मलेरियाच्या 120 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना रोज तीन वेळा पाच-पाच ताज्या पानांची चटणी दिली होती. 92 जण सात दिवसांत बरे झाले, तर आठ जणांना काहीच गुण आला नाही. पुढच्या संशोधनाला ही सुरुवात चांगली आहे. पण म्हणून तापात रक्ततपासणी टाळून पानं वाटत बसायचं नाही. त्या आठांत आपलं माणूस असू शकतं.

झाडाला स्वतःला मॅनिटॉल कशाला हवं? पाण्यासाठीच. जमीन कोरडी पडली किंवा खारावली की ऑलिव्ह आणि ॲश पेशींमध्ये मॅनिटॉल साठवतात आणि पाणी धरून ठेवतात. 1993 साली अमेरिकेत तंबाखूच्या रोपात एका जिवाणूचा जनुक घालून त्याच्याकडून मॅनिटॉल तयार करून घेतलं, तेव्हा खाऱ्या पाण्यात ती रोपं साध्या रोपांपेक्षा जोमाने तगली. नीरा डाव्या कालव्याखालच्या चोपण जमिनी ज्यांनी पाहिल्यात, त्यांना याचं मोल सांगायला नको. माळेगावची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था 2009 पासून दुष्काळ, क्षार, उष्णता अशा ताणांवरच काम करते.

राहिला ऊस. तुटलेला ऊस उन्हात ताटकळला की कापलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू शिरतात. ते साखर फोडतात. तिच्यातल्या ग्लुकोजचं चिकट डेक्स्ट्रान बनवतात आणि फ्रुक्टोजचं मॅनिटॉल. डेक्स्ट्रानमुळे रस बुळबुळीत होतो, गाळप रेंगाळतं, स्फटिक वेडेवाकडे होतात; जी साखर मॅनिटॉल झाली, ती उताऱ्यातून गेलीच. पेटलेल्या उसात हा प्रकार आणखी वेगाने होतो. गंमत म्हणजे औषधासाठीचं मॅनिटॉल आज कारखान्यात फ्रुक्टोजवर निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन चढवूनच बनतं. त्यासाठी ॲशची साल कोणी चिरत नाही. एकाच फ्रुक्टोजपासून औषध कंपनी जाणूनबुजून पैसा कमावते, आणि आपण ट्रॅक्टरच्या रांगेत नकळत तो गमावतो.

उशीर टोळीचा, वाहतुकीचा की गव्हाणीचा, यावर दर हंगामात वाद होतात. वजनातली घट शेतकऱ्याच्या पदरी पडते आणि उतारा घटल्याचं खापरही बहुधा त्याच्याच माथी फुटतं. रसातलं मॅनिटॉल हे ऊस शिळा झाल्याचं खात्रीचं लक्षण मानलं जातं आणि एन्झाइम वापरून ते मोजायची पद्धत साखरतंत्रात उपलब्ध आहे. नीरेच्या दोन्ही काठांवरच्या कारखान्यांनी आपल्या प्रयोगशाळांत ही चाचणी सुरू करावी, तोडणीची वेळ पावतीवर लिहावी आणि दोन्ही आकडे सभासदांसमोर ठेवावेत. ऊस कोणाच्या दारात शिळा झाला, हे मग भांडून ठरवावं लागणार नाही.