मूळ गाव

कोकणात नवा माणूस भेटला की नावानंतरचा दुसरा प्रश्न ठरलेला : "मूळ गाव कुठलं?" त्यात वाईट काही नाही. पण आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना हाच प्रश्न कधी कधी वेगळ्या सुरात विचारला जातो. घरी कोकणी, बाजारात मराठी आणि शाळेत उर्दू बोलणारी नववीतली एक मुलगी मला म्हणाली, "सर, आमच्या कब्रस्तानात माझ्या आजोबांचेही आजोबा आहेत. आणखी किती मागचं सांगायचं?"

त्या आठवड्यात वर्गात इर्तिका, म्हणजे उत्क्रांती, शिकवायची होती. उदाहरणाला मी देवगांडूळ घेतलं. पावसाळ्यात ओल्या मातीत सापडणारा, बिनपायांचा, अंगावर वळ्या असलेला हा प्राणी. लोक त्याला साप समजून मारतात. प्रत्यक्षात तो बेडकाच्या नात्यातला, निरुपद्रवी. पुणे जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या देवगांडुळाला १९६० साली शास्त्रीय नाव मिळालं. त्याच्या कुळातले काही भाऊबंद कुठे आहेत? एक तर सह्याद्रीत आणि दुसरे इथून सुमारे ३,००० किलोमीटरवर, हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर! २००३ साली केरळातून जगापुढे आलेल्या जांभळ्या बेडकाचे जवळचे नातेवाईकही सेशेल्समध्येच.

ओलसर कातडीच्या या प्राण्यांना खारं पाणी सोसत नाही. मग त्यांनी समुद्र ओलांडला कसा? अभ्यासक सांगतात, ओलांडलाच नाही. सेशेल्सची ग्रॅनाइटची बेटं एकेकाळी भारताला जोडलेली होती. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी, सह्याद्रीचा काळा पत्थर लाव्हारसातून घडला त्या सुमारास, ती सुटली. भारत उत्तरेकडे सरकत आशियाला येऊन भिडला. प्राणी होते तिथेच राहिले, जमीनच प्रवासाला निघाली.

पण प्रत्येक बेटाची हकीकत हीच नाही. आफ्रिकेच्या पश्चिमेचं साओ टोमे ज्वालामुखीतून वर आलं. ते कधीच कुठल्या खंडाला जोडलेलं नव्हतं. तरी तिथे पिवळंधमक देवगांडूळ आहे. त्याचे पूर्वज पुरात वाहत आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यावरून आले असावेत. हवाई बेटांवर मात्र एकही बेडूक मूळचा नाही; तिथले सगळे माणसानं नेलेले.

कोण जमिनीबरोबर आला आणि कोण पाण्यावरून, हे जनुकांवरून आणि खडकांच्या वयावरून तपासावं लागतं. नुसतं तोंड पाहून सांगता येत नाही. साओ टोमेचं ते देवगांडूळ आज जगात दुसरीकडे कुठेच नाही. समुद्रावरून आलं म्हणून त्याला उपरं म्हटलं, तर परत पाठवायचं कुठे?

माणसाच्या हक्काचा निकाल देवगांडुळावरून लावू नये, हे मी जाणतो. तो निकाल राज्यघटनेनं दिलेलाच आहे. पण आमच्या मुलांना आणि त्यांना प्रश्न विचारणाऱ्यांनाही एवढं ठाऊक असावं, की ज्या जमिनीच्या नावानं आपण मूळ गाव सांगतो, ती जमीनही दूरचा प्रवास करून इथे आलेली आहे.